शुक्रवारचे नमुने

कमीत कमी बाटल्या भरून जास्तीत जास्त खरं कसं कळेल, हे शोधण्यात माझी सारी नोकरी गेली. संख्याशास्त्र शिकवते म्हटलं की लोक मला टक्केवारी काढायला सांगतात. नाल्याचं पाणी कुठून आणि कोणत्या दिवशी भरायचं याचंही गणित असतं, हे कुणाला पटत नाही.

भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावाजवळच्या नाल्याच्या तपासणीला समिती नेमली, तेव्हा आखणीचं काम माझ्याकडे आलं. नमुने भरायचे दिवस मी चिठ्ठ्या टाकून ठरवले. अध्यक्षांनी ते सगळे बदलून शुक्रवार केले. शुक्रवारी धामणकर नाका मोकळा असतो, गाडी लवकर पोचते, डिझेल वाचतं, असं त्यांचं म्हणणं. मी भिवंडीत जन्मले. शुक्रवारी इथे सुट्टी, यंत्रमाग बंद, नाल्यात रंग सोडणारे रंगाईचे कारखाने बंद, हे मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी नाला सोवळं नेसून बसतो.

"मॅडम, कमीत कमी खर्च हाच ना तुमचा विषय?" अध्यक्ष भर बैठकीत हसत म्हणाले.

"कमीत कमी खर्चात खरं कळणं हा माझा विषय. खोटंच लिहायचं तर गाडी तरी कशाला काढता?"

मी सही केली नाही. अहवाल माझ्याशिवाय निघाला आणि पाणी स्वच्छ ठरलं. मला संताप आला, तो अजून आहे. मग चिठ्ठीत निघालेल्या दिवशी शेअर रिक्षाने जाऊन मीच बाटल्या भरल्या, नाल्याच्या आणि काठावरच्या विहिरीच्याही. त्या विहिरीवर माझी आत्या पाणी भरते. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पाणी तपासलं. नाल्यातला रंग विहिरीत उतरला होता.

आत्याला मी आलेख समजावायला लागले, तर ती म्हणाली, "पानी पियाचं का न्हाय, तवरंच सांग."

नाही, म्हटलं. गावाने विहिरीवर तशी पाटी लावायचं ठरवलं. पण पाटीखाली नाव घालायला कुणी पुढे येईना. कारखान्यांचे गाळे गावातल्याच लोकांचे, भाडं घरोघर येतं. अध्यक्षांनीही फोन करून मला जपून राहायला सांगितलं.

मी पाटी रंगवणाऱ्याला माझं नाव दिलं, पदवी आणि पत्त्यासकट. ज्याला ते खोडायचं असेल त्याने खुशाल यावं, फक्त आधी त्या विहिरीचं तांब्याभर पाणी माझ्यासमोर पिऊन दाखवावं.