पलेटीचं पाणी

बाळापूर तालुक्यातल्या त्या गावात विहिरींना पाणी होतं, पण ते पिण्याचं नव्हतं. खारपाणपट्ट्यातलं गाव. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि भांडं धुऊन उन्हात ठेवलं की त्यावर पांढरे ओघळ उमटत. पिण्याचं गोडं पाणी टँकरने येई. नापिकीची आणि लोडशेडिंगची ती वर्षं होती. टँकरची बातमी करायला मी अकोल्याहून संध्याकाळच्या एसटीने तिथे गेलो. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता.

त्याची एक ठरलेली रीत होती. चालक पाणी भरून निघण्याआधी, दुपारी दोनच्या सुमारास, गावातल्या एका मोबाइलवर फोन करी. मागे एकदा सगळं गाव लग्नाला गेलेलं असताना तो येऊन ताटकळला होता, तेव्हापासूनची ही रीत. फोन उचलला गेला तर तो येई. फोन बंद असला तर टँकर पुढच्या गावाला वळे, आणि इकडची पाळी चार दिवस लांबे. तो मोबाइल पन्नाशीच्या एका बाईंचा होता. पाणी कोणाच्या घरी आधी, कोणाच्या नंतर, याची यादी त्यांच्याकडे असे. गाव त्यांना काकू म्हणे.

गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठ दिवसांपूर्वी जळाली होती. वीज कधी येते आणि कधी जाते हा प्रश्नच उरला नव्हता. मोबाइल चार्ज करण्याची एकच जागा होती, पिंजाऱ्याची ट्रॉली.

हा पिंजारी दर उन्हाळ्यात महिनाभर गावात मुक्कामाला असे. त्याच्या भाच्याचा ट्रॅक्टर ट्रॉली आणून शाळेमागच्या मैदानात सोडी आणि महिन्याने ओढून नेई. ट्रॉलीवर टिनाची खोली उभारलेली. अर्ध्या भागात डिझेलवर चालणारं कापूस पिंजायचं यंत्र, अर्ध्यात नवराबायकोचा संसार. बाहेर एका बाजेला टेकवून ठेवलेली सोलरची प्लेट, आत ट्रकची जुनी बॅटरी, आणि भिंतीला ठोकलेली एक फळी. फळीवर जाड पिनचे, बारीक पिनचे चार्जर आणि एक-दोन टॉर्च ओळीने लटकलेले. प्लेटीला सगळे पलेट म्हणत. चार्जिंगचे तो काही घेत नसे. ऊन माझ्या बापाचं नाही, असं त्याचं म्हणणं. लोक मग आपल्या परीने परतफेड करत. कोणी ताक आणून देई, कोणी सरपण.

काकू पलेट धूत. सकाळी सहा वाजता त्या विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन आल्या तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. पिंजलेल्या कापसाचा बारीक तंतू रात्रभरात काचेवर बसलेला असे. पूजेची भांडी घासावीत तशा कसोशीने त्यांनी काच चोळली, वर पाणी ओतलं आणि ती तशीच वाळू दिली. ट्रॉली आल्यापासून अठरा दिवस त्यांनी हे काम चुकवलं नव्हतं, असं पिंजाऱ्याची बायको कौतुकाने म्हणाली.

माझा मोबाइल रस्त्यातच बंद पडला होता. कॅमेऱ्याची बॅटरीही उतरली होती. पिंजाऱ्याने पाहुण्याचं आधी म्हणत रात्रीच ती फळीवर लावली होती. त्यासाठी कोणाची पिन काढली, ते मी विचारलं नाही.

दहा वाजता काकू फळीवर लावलेला आपला मोबाइल न्यायला आल्या. तो सुरू झाला नाही. फळीवरचे बाकीचेही झाले नाहीत. माझी कॅमेऱ्याची बॅटरी मात्र निम्मी भरली होती.

पिंजाऱ्याने बॅटरीच्या तारा काढून पुन्हा जोडल्या. आठवड्यापासून जोर कमीच वाटत होता, असं तो म्हणाला. काकूंनी विचारलं, पलेट म्हातारी झाली का.

"पलेट नाई भाभी, बॅटरी बसली वाटते. उद्या अकोल्याले नेतो."

"उद्या नेऊन काय करता? फोन आज येऊन राहिला."

सकाळची एसटी गेली होती. दुसरी संध्याकाळी होती. काकूंच्या घरी गोड्या पाण्याची एक कळशी उरली होती, आणि घरात आजारी सासरे होते. ही माहिती त्यांनी मला आदल्या संध्याकाळी बातमीसाठी दिली होती. आता बाजेच्या कडेला जाऊन त्यांनी पलेटीवर मान तिरपी केली. समोरून काळी दिसणारी काच त्या बाजूने दुधासारखी दिसत होती. त्यांनी नखाने ओरखडा काढला. नखाखाली पांढरी पूड आली.

"हे तर माह्या हंड्यावानी झालं," त्या म्हणाल्या.

पलेट रोज कोणी धुतली, हे तिघांनाही माहीत होतं. पिंजाऱ्याने चूक आपल्यावर घ्यायचा प्रयत्न केला. पलेट आपली, पाहायला आपण पाहिजे होतं, असं काहीतरी तो म्हणाला. काकूंनी ते अर्ध्यावर तोडलं.

"तुमी कापूस पाहा. भांड्याचं मले समजते."

त्या घरी गेल्या आणि चिंच घेऊन आल्या. तांब्याच्या हंड्यावरचा खार चिंचेने निघतो, तसाच तो काचेवरूनही निघू लागला, पण सावकाश. तासभर त्या आणि पिंजाऱ्याची बायको दोन बाजूंनी घासत होत्या. चिंचेचा कोळ धुऊन काढायला पाणी लागणार होतं. विहिरीचं पाणी वापरलं तर खार पुन्हा बसणार. पिंजाऱ्याचं पिण्याचं पाणीही काकूंच्याच घरून येई, आणि त्या दिवशीचं अजून आलं नव्हतं.

काकू पुन्हा घरी गेल्या. तांब्या-गडव्याने पाणी काढून आणतील असं मला वाटलं होतं. त्या कळशीच घेऊन आल्या. अर्धी कळशी त्यांनी पलेटीवर घातली, वरून खाली, न थांबता, एकाच धारेत. पिंजाऱ्याने नव्या कापसाचा गोळा घेऊन काच कोरडी पुसली. उरलेली अर्धी कळशी पदराखाली धरून त्या बाजूला उभ्या राहिल्या.

मी कॅमेऱ्याची बॅटरी काढून घेतली. पिंजाऱ्याने फळी रिकामी केली आणि एकच पिन ठेवली. साडेअकरा वाजले होते. बाराच्या पुढे मोबाइलचा पडदा उजळला. एक रेघ दिसली, एकच्या सुमारास दुसरी. काकूंनी मोबाइल पिनवरून काढू दिला नाही. त्या फळीखालीच बसून राहिल्या, आणि गाव रिकामे हंडे घेऊन मैदानात जमत गेलं.

फोन दोन वाजून गेल्यावर आला. तार आखूड होती, म्हणून काकू भिंतीला कान लावून बोलल्या.

"ये. सारे उभे हाओत."

तेवढंच बोलणं झालं. टँकर साडेतीनला आला. काकूंनी कमरेला खोचलेली यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं, पलेट, एक गडवा. ते त्यांनी पेन्सिलने सगळ्यांच्या वर लिहिलं होतं.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हे पलेट कोणाची सून म्हणा? आल्या आल्या पहिला नंबर."

"तुमच्याहून कामाची हाय, बुढेबुवा," काकू म्हणाल्या आणि दुसरं नाव वाचलं.

हसणं पार मागच्या हंड्यांपर्यंत गेलं. पिंजाऱ्याच्या बायकोने गडवा भरून घेतला आणि झाकून ट्रॉलीत ठेवला. काकूंच्या घराचं नाव यादीत त्यांनी स्वतःच शेवटी लिहिलेलं होतं. ते त्या दिवशीही तिथेच राहिलं.

माझी बातमी चार ओळींची आली. टँकर वेळेवर पोहोचला, डीपी अजून बसलेली नाही, एवढंच तिच्यात होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावाला गेलो तेव्हा डीपी बसली होती आणि वीज ठरल्या वेळी जात होती. पिंजारी मैदानात होता. पलेट बाजेला टेकलेली होती, आणि तिच्या काचेत शाळेचं छप्पर स्वच्छ दिसत होतं.