चायनाटाऊनमधलं तीर्थ

सिंगापूर मला तोंडपाठ होतं. येऊन तीन महिने झाले होते, त्यातले अडीच मी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये काढले होते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे मरीन इंजिनीअर, सहा सहा महिने बोटीवर. सून परक्या देशात एकटी राहू शकते का, हे तपासायला पुण्याहून सासूबाई आल्या. नापास झाले तर बॅग भरून पुण्याला! (सासूबाईही पुण्यालाच राहायच्या, हे लक्षात घ्या.)

म्हणून मी त्यांना चायनाटाऊनमधलं जुनं देऊळ दाखवायला नेलं. त्याच गल्ल्यांतून चार फेऱ्या झाल्या. भिंतीवरचा एक ड्रॅगन तर आम्हाला ओळखायला लागला.

"सुमन, वाट चुकलीस का?"

"छे हो आई! इथे आधी प्रदक्षिणा घालतात."

तेवढ्यात दिसलं! लाल खांब, दगडी सिंह, आत देव्हारा, पुढे संत्री, उदबत्ती. आम्ही चपला बाहेर काढल्या. सासूबाईंनी पिशवीतून नारळ काढला.

"हाऊ मेनी?" दारातल्या मुलीने विचारलं.

मी दोन बोटं दाखवली. माणसं मोजून आत सोडतात, काय शिस्त! तिने चक्रावून नारळ घेतला आणि आम्हाला टेबलाशी बसवलं.

"देवळात खुर्च्या?"

"गुडघेदुखीवाल्यांसाठी असतात."

मुलीने किटली आणली. सासूबाईंनी भक्तिभावाने उजवा तळवा पुढे केला. मुलगी कपाकडे बघते, तळव्याकडे बघते! शेवटी मीच ओतलं.

"आई गं! उकळतं तीर्थ!" तरी ओला हात त्यांनी केसांवरून फिरवलाच.

मग शेंगदाणे आले. प्रसाद! अर्धे त्यांनी रुमालात बांधले. काचेच्या हौदातल्या देवाच्या माशांनाही आम्ही नमस्कार केला. पाचच मिनिटांत त्यांतला एक शेजारच्या टेबलावर आल्याच्या कापांखाली आडवा होऊन आला.

सासूबाई माशाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"हे हॉटेल आहे."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"आत्ता."

"मला तीर्थाला चहाचा वास आला तेव्हाच. पण तुझा चेहरा इतका ठाम, की म्हटलं, माझंच नाक बिघडलं! एवढ्या थाटात थापा मारतेस, राहशील तू एकटी."

पास!

दुसऱ्या दिवशी खरं देऊळ सापडलं. पण आता मी फसणार होते थोडीच! चपलांसकट दारात उभी राहिले आणि झाडू मारणाऱ्या भगव्या कफनीतल्या म्हाताऱ्या साधूंना ऐटीत दोन बोटं दाखवली, "टेबल फॉर टू, प्लीज!"