हेलिकॉप्टरमधली पाठराखीण

मी घाबरट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. स्टुलावर चढून मी पंख्याची धूळ पुसत नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्यात मी कधी बसले नाही. सिंदी मेघेला आमच्या घरावर गच्ची झाली, तेव्हा तिथे पापड वाळत घालायचं काम मी नवऱ्याच्या गळ्यात घातलं. ते अजून कुरकुरत का होईना, ते काम करतात. अशा बाईला गेल्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमध्ये बसावं लागलं, आणि तेही नऊवारी शालू नेसून.

लग्न माझ्या भाचीचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं होतं. सेलूजवळ माझं माहेर आहे, लग्न तिथेच झालं. मुलाकडचे गिरडच्या बाजूचे, चांगले बागायतदार. मुलाच्या वडिलांना एकच हौस होती, की सून हेलिकॉप्टरमधून घरी आली पाहिजे. अलीकडे आमच्या भागात हे खूळ निघालंच आहे. भाड्याचं हेलिकॉप्टर येतं, शाळेच्या मैदानावर चुन्याने गोल आखतात, पाण्याचा टँकर आणून धूळ बसवतात आणि सगळं गाव मोबाईल वर धरून उभं राहतं. आमच्याकडच्या कोणी नाही म्हटलं नाही. मुलीकडच्यांनी नाही कसं म्हणायचं?

पण मला त्या दिवसापासून धास्ती होती, आणि ती नुसत्या घाबरटपणाची नव्हती. माझा भाऊ विजेच्या खात्यात लाइनमन होता. ही पोर दुसरीत असताना तो खांबावरून पडला आणि गेला. निधड्या छातीचा होता, त्याला भीती म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, असं घरातले, गावातले सगळे आजही सांगतात. वादळात इतर लोक कचरायचे तेव्हा हा सरसर वर चढायचा म्हणे. ज्या घरातला माणूस उंचावरून पडून गेला, त्याच घरातल्या पोरीला आता हवेतून न्यायचं होतं. हे मला दिसत होतं, वहिनीला दिसत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींशी फक्त बांगड्यांच्या मापाबद्दल बोलत होतो.

आमच्यात नवरी सासरी एकटी जात नाही. तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, पाठराखीण. पहिले दिवस पोरीच्या पाठीशी आपलं कोणीतरी असावं म्हणून ही रीत. भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं की आत्याच येईल. मी म्हटलं, "मी मागून मोटारीनं येतो नं व, तुह्या पोचायच्या आंदीच दारात उभी राहीन." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग मी मुकाट्याने हो म्हटलं.

पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया रडत होत्या, फक्त नवरी रडत नव्हती. मला ते तेव्हाच खटकलं होतं. मैदानावर भाड्याच्या कंपनीच्या एका माणसाने आमचं सगळ्यांचं वजन केलं. माझा आकडा त्याने इतक्या मोठ्यांदा वाचला की मांडवातल्या आचाऱ्यालाही ऐकू गेला असेल. माझे यजमान शेजारीच उभे होते. म्हणाले, "आता उडते का नाई ते, शंका हाय मले." मी रडायच्या बेतात होते.

तेवढ्यात वहिनी धावत आली आणि माझ्या मुठीत एक लहान पुरचुंडी कोंबली. हिरव्या खणात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक नाणं. "बाई, वणा नदी लागते मंधात. नवी नवरी नदी ओलांडून राह्यली, नदीची ओटी भरल्याबिगर तिले जाऊ देऊ नका." मोटारीने जाताना हे सोपं असतं. पुलावर गाडी थांबते, नवरी हात जोडते, आपण ओटी पाण्यात सोडतो. हेलिकॉप्टरला पूल नसतो, हे त्या क्षणी वहिनीच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. कंपनीचा माणूस हिंदीत काहीतरी सांगत होता, पदर पट्ट्यात दाबा, खिडकीला हात लावू नका, असं. मी मान हलवत होते, पण माझं सगळं लक्ष मुठीतल्या पुरचुंडीकडे होतं.

पुढे पायलट आणि त्याच्या बाजूला व्याही बसले. मागे नवरदेव, मधे नवरी आणि दाराशी मी. नवरा-नवरीच्या उपरण्याची आणि शेल्याची गाठ बांधलेलीच होती. ती घरी देवापुढे जाईपर्यंत सोडायची नसते. शेला लांबलचक होता, त्याचं उरलेलं टोक माझ्या मांडीवर आलं होतं. कानांवर मोठाले हेडफोन चढवले. पंखा फिरायला लागला, मैदानावरचा मांडव फडफडला आणि जमीन सुटली.

ते कसं वाटतं हे मी नीट सांगू शकत नाही. मी ओरडले असावे, पण आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पायाखाली काच होती. सेलूची घरं, बाजार, रस्त्यावरची एसटी, सगळं माझ्या चपलेखालून सरकत होतं. हेलिकॉप्टर जरासं कलंडलं की मी शेजारच्या लोखंडी दांडीला धरायची, जणू ती दांडी जमिनीत रोवलेली आहे. मनात सारखं एकच येत होतं, की भाऊ पडला तेव्हा त्याला किती वेळ कळत असेल? मी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांना साकडं घातलं, की आम्हाला एकदा खाली टेकव, पायी चढून येईन, पायऱ्यांची भीती वाटली तरी येईन. भाचीकडे बघितलं तर ती समोर बघत ताठ बसली होती. मला वाटलं, बापावर गेली आहे पोर, घाबरत नाही.

मग खाली वणा दिसली. हिवाळ्यातली बारीकशी नदी, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधून पाण्याचा पट्टा. व्याह्यांनी मागे वळून बोटाने दाखवली. माझ्या डोक्यात वहिनीचं बोलणं वाजलं. नदी मागे पडायच्या आत ओटी सोडायला हवी होती. दाराच्या काचेत वीतभर सरकती खिडकी होती. मी ती सरकवली आणि हात बाहेर काढला.

वाऱ्याने माझा हात पिरगाळलाच म्हणा. पुरचुंडी कुठे गेली ते दिसलंही नाही. आणि त्याच वाऱ्याने माझ्या मांडीवरचा शेला उचलला आणि बाहेर ओढला. डोळ्याचं पातं लवायच्या आत हातभर जरीकाठ त्या फटीतून बाहेर, मागच्या बाजूला फडफडत होता. नवरी एका अंगाला खेचली गेली. गाठीमुळे नवरदेवही तिच्यावर कोसळला.

"कपड़ा अंदर! कपड़ा छोड़ना मत!" हेडफोनमध्ये पायलट ओरडला. "पीछे भी पंखा है, छोड़ना मत!"

मागच्या पंख्यात कापड गेलं तर काय होतं, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी दोन्ही हातांनी शेला धरला. तो हातातून सरकत होता, जरीकाठ बोटं कापत होता. तेव्हा भाचीने तो आपल्या मनगटाला गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा, आणि मागे रेलली. नवरदेवाने तिला कमरेला धरलं. पायलटने वेग कमी केला असावा, कारण वारा थोडा सैल पडला. आम्ही तिघांनी मिळून इंच इंच करत शेला आत ओढला. मी खिडकी लावली आणि तिच्यावर दोन्ही तळवे दाबून बसले, पुन्हा आपोआप उघडेल या भीतीने. शेल्याच्या टोकाच्या चिंध्या झाल्या होत्या. गाठ मात्र सुटली नव्हती.

पायलटने लगेच मशीन खाली घेतलं, रस्त्याकाठच्या एका पडीत वावरात. शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. आमच्या वाऱ्याने त्यांचा वेचलेला कापूस गंजीवरून उडाला आणि सगळीकडे पांढरं पांढरं झालं. पंखा थांबल्यावर त्या तावातावाने आल्या. एकीने विचारलं, "कोनाची सभा हाय? इकडं काऊन उतरले?" मी उतरले ती सरळ खाली बसले. ढेकळं हातात घट्ट धरली. भाची माझ्याजवळ उभी राहिली, मनगटावर लाल वळ उठले होते.

पायलटने मागे जाऊन सगळं तपासलं. शेपटीजवळ जरीचा एक धागा अडकला होता, तो त्याने काढून मला दाखवला. मला रागावला नाही, हेच मला जास्त लागलं. सगळं ठीक आहे, उडता येईल, असं त्याने सांगितलं. व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण तिकडे गावच्या मैदानावर बँड उभा होता, फेटे बांधून लोक वर बघत होते.

"चला, बसा. इथून तं हाकेच्या अंतरावर हाय," ते म्हणाले.

मी भाचीकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि हेलिकॉप्टरच्या दिशेने एक पाऊल टाकलं. तेव्हा मी तिचा हात धरला, आधारासाठी, आणि मला कळलं. हात गार पडलेला, घामाने चिंब. वरून ती दगडासारखी उभी होती आणि आतून तिची माझ्यापेक्षा वाईट अवस्था होती. नव्या नवरीने पहिल्याच दिवशी सासऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती चढणार होती.

"मी नाई येत," मी म्हटलं. जमिनीवर बसूनच म्हटलं. "मले भेव लागते."

व्याही हसले. "आता कायचं भेव, विहीणबाई? झालं ते झालं."

"मले लय भेव लागते. मी नाई चढत. तुमी मले उचलून ठेवलं तं मी उडी मारीन."

"बरं, तुमी नका येऊ. मांगून गाड्या येऊनच राह्यल्या, त्याच्यात या. पोरीले आमी नेतो."

"पाठराखीण रस्त्यात टाकून नवरी उंबरठ्यावर नेता?" मी विचारलं. आवाज माझा कापत होता, पण मोठा होता. "कोन्या घरची रीत हाय ही?"

माझ्या बाजूने बोलायला माझं कोणी तिथे नव्हतं. बोलल्या त्या कापूस वेचणाऱ्या बाया. आतापर्यंत त्या आमच्यावर रागावल्या होत्या, पण हा विषय त्यांच्या अखत्यारीतला होता. "असं नाई चालत बाप्पा," त्यांच्यातली वयस्कर बाई पुढे येऊन म्हणाली. "पाठराखीन नाई तं नवरी नाई. नवरी काय गठुडं हाय, एकलं उचलून न्याले?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. व्याही त्यांच्याकडे आणि मुलाकडे आळीपाळीने बघू लागले. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुमी जा पुढं. आमी येतो खालून." त्याच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता. गाठ बांधलेली असल्यामुळे तसंही त्याला नवरीला सोडून जाता येत नव्हतंच.

शेवटी व्याही एकटेच उडाले. मला नंतर कळलं की गावात बँड वाजला, फुलं उधळली आणि हेलिकॉप्टरमधून एकटे सासरेबुवा हात जोडत उतरले.

आम्ही त्या बायांच्या कापसाच्या ट्रॅक्टरने निघालो. मागच्या मोटारींना फोन झाला होता, पण मला तिथे थांबवत नव्हतं. ट्रॉलीत कापसाच्या गठुड्यांवर आम्ही दोघी बसलो. नवरदेव गाठीला धरून पुढच्या कडेला बसला आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिला. ट्रॉली खड्ड्यात आपटायची आणि प्रत्येक आपटण्याने मला हायसं वाटायचं, खाली रस्ता आहे म्हणून. लांबवर गिरडची टेकडी दिसायला लागली. पायी चढायचं कबूल करून बसले होते, त्याचीही धास्ती होतीच.

"सगळे हासतीन मले आता," मी म्हटलं. "आत्यानं नवरीची मिरवणूक ट्रॅक्टरवर आनली म्हनतीन. तुह्या बापाची बहीण आनि येवढी भेकड."

पाठवणीला न रडलेली ती पोर तिथे रडायला लागली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, तोंडात शेल्याचा फाटका बोळा धरून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशी. मग बोळा तोंडातून काढून ती म्हणाली.

"आत्या, बाबाले बी भेव लागे. खांबावर चढाची पाळी असली का रातभर झोपत नव्हते. कोनाले सांगू नको म्हने. मलेच सांगे फक्त."

मी तिचा गार हात दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिले. गाव येईपर्यंत तो गरम झाला नाही.