राघोच्या नावची ओळ

२००७ सालच्या मार्चमध्ये गोवर्धन भोईरच्या घरी एक जाड पाकीट आलं. नौदलातल्या एका निवृत्त कमांडरनी ते पाठवलं होतं. ज्या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये गोवर्धनने तरुणपणाची पंधरा वर्षं काढली, तिचा इतिहास ते लिहीत होते. वैमानिकांच्या आठवणी ढिगाने आल्या होत्या. डेकवर राबणाऱ्या खलाशांच्या मात्र अगदीच थोड्या. सोबत १९७४ सालाची टाइप केलेली पानं होती. चुका असतील तर महिन्याभरात कळवा, असं लिहिलं होतं.

गोवर्धनने चष्मा लावला. इंग्रजी त्याला बेताचं येई, पण नौदलाचं इंग्रजी येई. तिसऱ्या पानावर तो थांबला. 'डेकवरील खलाशी आर. तांडेल परवानगीशिवाय पुन्हा विमानाखाली गेला आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे समुद्रात फेकला जाऊन मरण पावला.'

मनोरमाने, त्याच्या बायकोने, चहा आणून ठेवला. चहावर साय धरली तरी त्याने कपाला हात लावला नाही.

गोवर्धन भाईंदर पूर्वेच्या खारी गावचा. बाप मिठागरावर होता. राघो तांडेल रुळांच्या पलीकडचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. दोघं एकाच दिवशी भरतीला गेले आणि नशिबाने एकाच विमानवाहू जहाजावर, एकाच स्क्वाड्रनमध्ये आले. जहाजावर त्यांना भाईंदर एक आणि भाईंदर दोन म्हणत. एक कोण आणि दोन कोण, यावरून त्यांचं रोज वाजे. राघो म्हणे, "पश्चिम पहिली. तुमच्या पूर्वेला आहे काय? मीठ आणि मच्छर." गोवर्धन म्हणे, मीठ नसतं तर तुमचे बोंबील सडले असते.

विमानं उडवणारे अधिकारी वेगळे. हे दोघं विमानं ढकलणारे, बांधणारे, सोडणारे. जहाज डोलतं, म्हणून डेकवरचं प्रत्येक विमान चार साखळ्यांनी जखडून ठेवायचं. उड्डाणाआधी दोन खलाशी खाली शिरत. प्रत्येकाने दोन साखळ्या सोडायच्या, चाकाखालचे ठोकळे काढायचे, बाहेर यायचं आणि आपल्या दोन साखळ्या डोक्यावर धरून उभं राहायचं. समोरचा पिवळ्या जॅकेटवाला चार साखळ्या मोजी आणि मग वैमानिकाला पुढे यायची खूण करी. इंजिनाच्या आवाजात बोलून काही कळत नसे. साखळ्या दिसल्या म्हणजे माणसं बाहेर आली, असा तो हिशेब होता. आपल्या साखळ्या आपणच दाखवायच्या, दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत. हे पहिल्याच दिवशी शिकवत.

त्या आठवड्यात राघोचा उजवा तळवा इंजिनाच्या तापलेल्या नळीला लागून भाजला होता. सांगितलं असतं तर डेकवरून काढून स्वयंपाकघराच्या कामाला लावलं असतं. राघोला ते नको होतं. त्याने हातमोज्याच्या आत फडकं गुंडाळलं आणि फक्त गोवर्धनला सांगितलं. तीन दिवस गोवर्धनने त्याच्या साखळ्या सोडून दिल्या. चौथ्या दिवशी विमानाखाली त्याने राघोच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "तू ठोकळे काढ. चारही मी नेतो."

तो बाहेर आला. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन. हात वर केले. मागे राघो असणारच, असं त्याने धरलं होतं. पिवळ्या जॅकेटवाल्याने चार मोजल्या आणि खूण केली.

ठोकळे निघाले होते. राघोला निघायला उशीर झाला होता. विमान वळलं. त्याच्या शेपटीतून निघालेला गरम झोत डेकच्या कडेला गेला, आणि विमानाखालून नुकताच निघालेला राघो कडेलाच होता. गोवर्धनने वळून पाहिलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शोधलं. मिळाला नाही.

चौकशीत एकच गोष्ट अडत होती. साखळ्या चार दिसल्या, मग माणूस आत कसा? अधिकाऱ्याने विचारलं, तांडेलने आपल्या साखळ्या स्वतः दाखवल्या का? गोवर्धन चोवीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "होय, साहेब." मग उरलं ते एवढंच. तांडेल बाहेर आला होता आणि कोणाला न विचारता पुन्हा आत गेला. तसंच लिहिलं गेलं.

तो कागद कोळीवाड्यात आला आणि मास्तरांनी वाचून दाखवला. राघोच्या बापाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बोटीवर वाढलेलं पोर, पायाखालचं बघितलं नाही. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, तो मुलाबद्दल दुसरं काही बोलला नाही. वाड्यातल्या बाया पोरांना दटावू लागल्या. दोरखंडाच्या वेढ्यात पाय टाकलास, राघो होशील. बोटीच्या कडेला बसलास, राघो होशील. ज्यांनी राघोला पाहिलंही नव्हतं, ती पोरं एकमेकांना राघो म्हणून चिडवत.

गोवर्धन हे ऐकत आला. कारण तो तिथे जात असे. राघोची आई गोदूबाई त्याला सोडत नसे. जुनी विमानं गेली, जागच्या जागी उतरणारी नवी आली, गोवर्धन निवृत्त होऊन विमानतळावर मालाच्या गोदामात नोकरीला लागला. दर रविवारी पूल ओलांडून पश्चिमेला जाणं चालूच राहिलं. नारळी पौर्णिमेला तांडेलांच्या घरचा नारळ तोच खाडीत सोडे. गोदूबाई म्हणे, माझा एक पाण्याने नेला, एक पाण्याने आणून दिला. तो मान खाली घालून जेवे.

पाकीट आलं त्या दिवशी त्याने मनोरमाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"तेहेतीस वर्षं," ती म्हणाली. "आणि तिच्या हातचं जेवलात."

त्याने पानं पुन्हा पाकिटात घातली.

मग ती त्याच्या बाजूने बोलू लागली. म्हातारी ब्याऐंशीची. आता काय मिळणार तिला? ते इंग्रजी पुस्तक कोळीवाड्यात कोण वाचणार? तिचा एक मुलगा गेला, आता दुसराही नेणार का तुम्ही?

"फाइलीत होतं तोवर मी गप्प बसलो," गोवर्धन म्हणाला. "आता छापतायत. स्क्वाड्रनच्या इतिहासात त्याची एकच ओळ आहे, मनू. तीही माझी थाप."

त्याने तीन दिवस बसून कमांडरांना मराठीत पत्र लिहिलं. खाडाखोड फार झाली म्हणून पुन्हा लिहिलं. केबिन रोडवर झेरॉक्स काढली. दुकानदाराने विचारलं, "काका, पेन्शन का काम है?" तो हो म्हणाला. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला आणि पत्र तसंच खिशात घालून परत आला. आधी गोदूबाईला सांगायला हवं होतं.

रविवारी तो गेला. गोदूबाई दारात बसून जवळा निवडत होती. तिची धाकटी मुलगी चंपा आत वह्या तपासत होती. ती पालिकेच्या शाळेत शिकवायची, नवरा गेल्यापासून आईकडेच राहायची.

"आलास? बस. आज खारं म्हावरं हाय," गोदूबाई म्हणाली.

तो बसला नाही. उभ्यानेच सांगितलं. साखळ्या, हात, चौकशी, होय साहेब. मध्ये थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं. चंपा वही हातात घेऊन दारात आली होती.

गोदूबाई जवळ्यातून बोटं फिरवत राहिली. मग तिने विचारलं, "कंचा हात?"

"उजवा."

"लय भाजला व्हता?"

"फोड आले होते, आये. फुटले होते."

"मना कुनी सांगितलंच न्हाय," ती म्हणाली. "तेचा हात दुखत व्हता, आन मना ठावंच न्हाय."

गोवर्धनने शिव्या ऐकायची तयारी केली होती. याची केली नव्हती.

चंपा म्हणाली, "दादा, बाबा गेले तेव्हा तुम्ही इथेच होतात. उशाशी. तेव्हा तरी."

तेव्हा त्याच्या जिभेवर आलं होतं. म्हाताऱ्याने मुलाचं नाव काढून तोंड भिंतीकडे केलं होतं. गोवर्धनने त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं, पण बोलला नव्हता. हे त्याने चंपाला सांगितलं नाही. सांगून काय, ती तिथेच होती.

गोदूबाई भिंतीला धरून उठली. "माज्यापुडं सांगून काय उपेग? मी आई हाय. मी तेला कवा येडा म्हनलं व्हतं?" तिने काठी उचलली. "धक्क्यावर चल. समद्यांम्होरं सांग."

धक्क्यावर बोटी लागल्या होत्या. मासळीचे वाटे लावणं चाललं होतं. पाच-पंचवीस माणसं असतील. गोदूबाईने काठी आपटली आणि सगळे गप्प झाले. गोवर्धनने पुन्हा सगळं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, जोरात बोला. तो जोरात बोलला. राघोची चूक नव्हती, चूक माझी होती, आणि मी खोटं बोललो.

कोणी अंगावर आलं नाही. महिपत नावाचा एक म्हातारा, राघोच्या बरोबरीचा, बर्फाच्या पाटीवरून उठला. त्याने गोवर्धनकडे पाहिलं, खाली थुंकला आणि पाटी उचलून निघून गेला. हळूहळू सगळेच आपल्या कामाला लागले.

परत दाराशी आल्यावर गोदूबाईने त्याला आत बोलावलं नाही. "तू सांगितलंस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "पन आता येऊ नको. तुला बघितलं का मना तेचा हात दिसंल."

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र टाकलं.

पंधरा दिवसांनी कमांडरांचा फोन आला. ते हिंदीत बोलत होते, फार सांभाळून. म्हणाले, भोईर, वय झालं आपलं सगळ्यांचं. मी 'परवानगीशिवाय' आणि 'निष्काळजीपणा' दोन्ही काढून टाकतो. तुमचं नाव कशाला? अपघात झाला एवढंच लिहू.

"नुसता अपघात म्हटलं की लोक विचारणार, चुकलं कोण," गोवर्धन म्हणाला. "आणि परत त्याच्याकडेच बघणार. माझं नाव घाला, साहेब."

कमांडर हो म्हणाले. मग ते म्हणाले, त्या दिवशी मीही डेकवर होतो. मीही चारच मोजल्या असत्या.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला गोवर्धन घरीच बसला. तांडेलांचा नारळ चंपाने सोडला, असं त्याला बाजारात कळलं. आणखी एक कळलं. धक्क्यावर एका पोराने दुसऱ्याला राघो म्हणून हाक मारली, तेव्हा महिपतने त्याच्या कानफटात दिली होती.

पुस्तक दुसऱ्या वर्षी जानेवारीत आलं. निळं कव्हर, वर झेपावणारं विमान. गोवर्धनने आपलं पान काढून वाचलं. मनोरमाला म्हणाला, मी देऊन येतो. ती म्हणाली, तिने नको म्हटलंय ना? तो म्हणाला, दारातून देतो.

दार उघडंच होतं. गोदूबाई आत खाटेवर होती. दिवाळीपासून ती उठत नव्हती. चंपाने पुस्तक हातात घेतलं. त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो पायरीवर उभा राहिला.

चंपा आईजवळ बसली. पान शोधलं. आधी मनात वाचलं, मग शाळेत वाचतात तसं एकेक शब्द सोडवून मराठीत सांगितलं. 'राघो तांडेल, राहणार भाईंदर, हात भाजलेला असतानाही आपल्या कामावर होता. सोबती गोवर्धन भोईर याने नियम मोडून दोघांच्या साखळ्या एकट्याने दाखवल्या. तांडेल अजून विमानाखाली आहे हे कोणालाच कळलं नाही. त्याच्याकडून कोणतीही चूक झाली नव्हती.'

"पुन्यांदा वाच," गोदूबाई म्हणाली.

चंपाने पुन्हा वाचलं.

"तेचं नाव कुठं हाय?"

चंपाने तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. म्हातारीने बोट तिथेच राहू दिलं. गोवर्धनला आतलं सगळं दिसत होतं. तो बराच वेळ तिथे होता. आतून दाराकडे कोणी पाहत नव्हतं. शेवटी तो पायरी उतरला.

गोदूबाई फेब्रुवारीत गेली. निरोप आला तो महिपतकडून, फोनवर, दोन शब्दांत. गोवर्धन गेला आणि गर्दीच्या मागे उभा राहिला. खांदा द्यायला त्याला कोणी बोलावलं नाही. तोही पुढे झाला नाही.