तीन चमचे पावडर

१२ जानेवारी. घरातले ताकदीच्या पावडरींचे सगळे डबे पिशवीत भरले आणि नायगावच्या डॉक्टरबाईंकडे नेले. महिनाभर छातीत धडधड होत होती. ईसीजी चांगला आला, तरी हृदयाचीच भीती जात नव्हती.

बाई औषध लिहिण्याआधी झोप, जेवण, चहा, सगळं विचारतात. उत्तर लांबलं की चष्मा कपाळावर चढवतात. आज त्यांनी प्रत्येक डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"ताण घालवायची ही पावडर कोणी दिली?"

"फोनवर बघून मागवली."

"फोनने नाडी बघितली का, ताई? यात कॉफीचा अर्क आहे. तुम्ही दिवसाला तीन चमचे घेताय."

नवं औषध दिलंच नाही. कागदावर 'हे बंद' एवढंच लिहिलं.

१३ जानेवारी. काल दिवसभर पावडर घेतली नाही. आज सकाळी महिन्याभराने पहिल्यांदाच धडधडीने नाही, गजराने जाग आली. पावडर मोरीत ओतली, डबा धुतला आणि त्यात मोहरी भरली.