निळ्या काठाची पांढरी साडी

"मावशी, हा कप न्या. आणि पाण्याचं बघा जरा."

शेजारच्या खुर्चीवरची बाई मले असं म्हणाली, अन् तिचा उष्टा कप माह्या हातात दिला. मी घेतला. घेतला म्हणजे काय, हात आपोआपच पुढं गेला. जन्मभर लोकायच्या घरचे भांडे घासले, हाताले तेच ठाऊक.

अमरावतीच्या कॉलेजातला मोठा हॉल होता. माही नात प्रज्ञा डिग्री घेणार होती. आमच्या घरातून पहिलीच. घरच्या एकालेच पास भेटला होता. पोरगा म्हणे, "माय, तूच जा. तिले तूच वाढवलं." म्हणून मोर्शीवरून सकाळच्या एसटीनं आली. अंगावर पांढरी साडी, निळ्या काठाची. आम्ही बौद्ध माणसं. जयंतीले, लग्नात हीच नेसतो. अन् आज तर माह्यासाठी सणच होता.

आदल्या दिवशी प्रज्ञा फोनवर म्हणे, "आजी, ती जांभळी नेसजो ना." मले वाटलं, पोट्टीले जांभळा रंग आवडते. हॉलमध्ये आल्यावर समजलं. कॉलेजच्या शिपाई बाया पाणी वाटून राहिल्या होत्या. त्यायच्याही साड्या पांढऱ्याच. काठ निळे.

कार्यक्रमाआधी पालकायले चहा दिला होता. मले कोणी विचारलाच नाही. त्या बाईचं पाहून तिच्या पलीकडच्या माणसानं कप दिला, मागच्या माणसानंही दिला. कपात कप, वर बशा. ठेवायले जागा नाही. पडू नये म्हणून दोन्ही हातानं धरून बसली. लहानपणी पाटलाच्या घरी आमची कपबशी बाहेर कोनाड्यात पालथी राहे. त्यायच्या कपाले माहं बोट लागलं होतं तवा मायनं शिव्या खाल्ल्या. अन् आता हे मले उष्टे कप धरायले देऊन राहिले. वा रे वा!

तेवढ्यात माईकवर प्रज्ञाचं नाव आलं. पूर्ण नाव, माह्या पोराच्या नावासकट. काळा गाऊन घालून पोट्टी स्टेजवर आली. लोकायमध्ये मले हुडकून राहिली होती. सारे टाळ्या वाजवून राहिले होते, ती कपवाली बाईसुद्धा. अन् मी तिची आजी, दोन्ही हातात लोकायचं उष्टं. टाळी वाजवता आली नाही वं माय! प्रज्ञानं ते पाहिलं. तिचं हसू गेलं. मान खाली घालून ती स्टेजवरून उतरली.

बाई परत वळली. तोंड पुसलेला कागद माह्या हातातल्या कपात टाकला. तवा मी उठली. सगळे कप तिच्या मांडीवर ठेवले.

"धरा. आत्ता गेली ते माही नात हाय."

ती म्हणे, "अहो, मग आधी सांगायचं ना!"

म्हणजे चूक माहीच.

बाहेर प्रज्ञा माह्या गळ्यात पडून रडली. "सांगतलं होतं ना आजी, जांभळी नेसजो म्हणून." ते बोलणं मले कपापेक्षा जास्त लागलं. मी तिचे डोळे पुसले. तिचं नाव काही पुन्हा पुकारणार नव्हते. एसटीत पोराचा फोन आला, "माय, टाळ्या वाजवल्या का जोरानं?"

धाकटी नात अकोल्याले शिकून राहिली. तिचाही दिवस येईन. साडी धुवून पेटीत ठेवली हाय. तवाही हीच नेसीन. कोणी कप पुढं केला तर पडू दे खाली, फुटू दे. मी हात लावणार नाही.