दहाचा पाना
दहाचा पाना हातात आला की मला फवारणीच्या औषधाचा वास येतो. बोंडअळीच्या त्या वर्षी राळेगावात मी माझ्या जीपमध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवत होतो. शॉर्ट होऊ नये म्हणून बॅटरीची मायनसची वायर दहाच्या पान्यानं सोडवून ठेवली होती. तेवढ्यात शेजारीण धावत आली. "भाऊ, यायले फवारता फवारता चक्कर आली, दवाखान्यात नेता का?" संध्याकाळी देवीच्या मिरवणुकीत मला गाणी वाजवायची होती. मी म्हटलं, "बॅटरीच काढली वहिनी, गाडी चालू नाही होत." ती वायर दोन मिनिटांत आवळता आली असती. तिनं नवऱ्याला बैलगाडीतून नेलं. तो वाचला, पण त्याची नजर गेली. आजही तो चारचौघांत सांगतो, "त्याची गाडीच बंद होती, नाहीतर त्यानं मले नेलंच असतं."